उमरोळीच्या शेडमधला खराटा

दत्तू, तुझ्या तेराव्याचं मी जेवलो नाही. पान वाढलं होतं, सुलभावहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, आणि मी ओट्याखाली चपला शोधत होतो. लोकांना वाटलं, काशिनाथला भरून आलं. भरून कसलं येतंय! राग आला होता. तो अजून आहे. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं बोलायची पद्धत आहे, ती मी पाळीन, पण आधी भांडून घेतो. जिवंतपणी तू मला पुरतं भांडू दिलंस कुठे? मी विषय काढला की चहा मागवायचास आणि कुठल्यातरी जुन्या सायकलीचं सुरू करायचास.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने आधी संग्रहालय बघायचं आणि मगच पानावर बसायचं, असं तू वहिनींना सांगून ठेवलं होतंस. तुझ्या वाडीतल्या त्या पत्र्याच्या शेडला 'सायकल संग्रहालय' म्हणायला लोकांना आधी हसू यायचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. सगळे रांगेने आत गेले. कोळगावच्या दूधवाल्याची कॅन अडकवायच्या आकड्यांची सायकल, सुऱ्यांना धार लावणाऱ्याची दगडाचं चाक बसवलेली, पाववाल्याची, तासाच्या भाड्याने मिळायची ती मडगार्डवर नंबर टाकलेली, आणि शेवटी भिंतीपाशी, दोरीच्या आत, तुझी ती काळी सायकल. सात दिवसांची. तिच्यावर गेली दोन वर्षं एक छोटी पाटी होती: 'सात दिवस. पाय टेकला नाही.' ती काढलेली होती. तिच्या जागी पत्र्याची मोठी, नवी पाटी होती, आणि बाजूच्या खिळ्याला एक जुना खराटा टांगलेला होता.

माझी पाळी आली तेव्हा पुढचे लोक पाटी वाचून बाजूला झाले होते. पाटी मी एकदाच वाचली, पण आज झोपेतही म्हणून दाखवीन. 'या सायकलवर मी सात दिवस अखंड होतो असं सांगत आलो. ते खोटं आहे. चौथ्या दिवशी दुपारी माझा पाय टेकला. पोस्टमन काशिनाथने तो पाहिला, या खराट्याने खूण पुसली, आणि देवीच्या पायरीवर हात ठेवून माझ्यासाठी खोटी साक्ष दिली. नामदेव तांडेल खरं बोलत होते. दत्ताराम.'

"केवढं मोठं मन!" माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या कोणीतरी डोळे पुसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलंय म्हणाले होते, भावजी. काशाला सगळं ठाऊक आहे, म्हणाले." मी मान हलवली. म्हणजे तुझ्या तेराव्यालाही मी तुझ्यासाठी खोटंच बोललो.

आता जे तुला आणि मला ठाऊक आहे, ते एकदा नीट सांगतो. आजपर्यंत ते कोणी धड सांगितलंच नाही. आणीबाणी उठली त्या वर्षी, शिमग्यानंतर, तू आमच्या गावात अखंड सायकल मांडलीस. हल्लीच्या पोरांना ठाऊक नाही. तेव्हा गावोगाव सायकलवीर यायचे. मैदानात गोल आखायचे, मधे खांब, खांबाला भोंगा, आणि सात सात दिवस खाली न उतरता गोल फिरायचे. जेवण, दाढी, आंघोळ, सगळं चालत्या सायकलवर. उरलेल्या विधींसाठी गोणपाटाचा आडोसा आणि एक डबा होता. त्यावर पोरांनी इतके प्रश्न विचारले की तू एकदा साबणाची वडी फेकून मारलीस. एरवी असले वीर कुठून कुठून यायचे. तू उमरोळीचा, ओळखीचा, माझा दोस्त. मला पोस्टात लागून वर्षही झालं नव्हतं, तरी मी आठ दिवसांची रजा टाकली.

आमचं गाव तारापूरच्या अलीकडचं, मच्छीमारांचं. तिथे काहीही करायचं तर देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गावाने अट घातली, की सातव्या दिवशी तुला सायकलवरून उचलून न्यायचं आणि तुझा पहिला पाय देवळाच्या पायरीवर टेकवायचा. त्याआधी जमिनीला लागता कामा नये. घट्ट जमिनीवर समुद्रकाठच्या बारीक वाळूचा पातळ थर पसरला, म्हणजे पाय लागला तर उमटेल. दर तासाला देवळाची घंटा व्हायची. पंच गोलाला फेरी मारून वाळू बघायचा. त्याने बरं म्हटलं, की मी खराट्याने वाळू सारखी करायची. मधे खराटा लावायचा नाही. खांबाला हात लावायची तुला मुभा होती, जमिनीला पाय लावायची नव्हती. एवढे सोपे नियम होते.

चौथ्या दिवशी दुपारी पंचाच्या जागी माझा मोठा भाऊ होता, नामदेवदादा. बोटीचा तांडेल. समुद्रावर चौदा माणसं त्याच्या शब्दावर जाळं टाकायची आणि ओढायची. शाळेचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं, माझ्या शाळेसाठी मात्र त्याने जाळी विणली. भरतीबरोबर बोटी आल्या. आमच्याकडे बोट आली म्हटलं की कोणी घरात बसत नाही, ओढायला हात लागतात. सगळं गाव किनाऱ्याकडे पळालं. दादाही गेला. त्याचीच बोट होती ती. जाताना मला म्हणाला, "काशा, इतंच रे. मी आलोच." पंचाने गोल सोडून जायचं नसतं. पण बोट किनाऱ्याला लागत असताना पंच म्हणून खुर्चीवर बसून राहणारा माणूस आमच्या गावात जन्मला नव्हता.

मैदानात आपण दोघेच उरलो. भोंगाही बंद होता. तू दोन फेऱ्या मारल्यास, तिसरीत तुझी मान खाली गेली, आणि तुझा उजवा पाय उतरला. तो घसरला असता तर मी काही बोललो नसतो. तो उतरला. तू पाय टेकवून उभा राहिलास. मी दहा मोजू शकलो असतो. तुझ्या पोटरीत पेटका आला होता, तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "काशा, खराटा." दोनच शब्द. विनंती नव्हती, हुकूमही नव्हता. मीठ दे म्हणतात तसं. आणि मी खराटा फिरवला.

दादा नेमका तेव्हाच वर आला. तुझ्यासाठी हातात दोन पापलेटं घेऊन येत होता, ताज्या माशाने माणसाला ताकद येते म्हणून. वरच्या अंगाला उभं राहून त्याने बघितलं. थांबलेलं चाक तू नुकतं हलवत होतास आणि मी वाळू सारखी करत होतो. तो आला तसा वळला. पापलेटं घेऊन घरी गेला. संध्याकाळी मला म्हणाला, "चाक थांबलेला, काशा. थांबलेल्या सायकलवर मानूस पाय टेकल्याबिगर कसा रेल?"

"त्यानं खांबाला हात धरलेला," मी म्हणालो.

"मग तू खराटा कशाला मारलास? घंटा कुटं झालेली?"

"वाऱ्यानं वाळू उडलेली, दादा."

त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. ज्याचं पोट वाऱ्यावर चालतं, त्याला मी वारा होता असं सांगितलं.

सातव्या दिवशी तुला चौघांनी सायकलसकट देवळापाशी आणलं. ताशा वाजत होता. दादा आडवा आला. त्याने तुला नाही विचारलं, मला विचारलं. "काशा, हात ठेव पायरीवर, आनि सांग. पाय टेकला का नाय?" सगळं गाव थांबलं. तू सायकलवरून माझ्याकडे बघत होतास. सात दिवसांत तुझे डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, आणि मला तुझी दया आली. खरंच दयाच आली. मी पायरीवर हात ठेवला आणि म्हणालो, "पाय टेकला नाय."

मग गाव दादावर उलटलं. "तू गोल सोडून किनाऱ्याला गेलेलास, तुला काय दिसणार?" लोक त्याला म्हणाले. भावाच्या दोस्ताचं नाव झालं म्हणून पोटात दुखतंय, असंही कोणी म्हणालं. त्यानंतर दादाला कधी पंच म्हणून बोलावलं नाही. पावसाळ्याआधी तो खाडीपलीकडे सासुरवाडीला राहायला गेला. आई गेली तेव्हा आला, लांब उभा राहिला, खांदा दिला आणि परत गेला. माझ्या घरचं पाणी तो अठरा वर्षांत प्यायला नाही. आणि तू? तू 'अखंड दत्तू' झालास. पालघरपासून तारापूरपर्यंत तुला त्याच नावाने हाक मारत.

तू वाईट माणूस होतास असं मी म्हणत नाही. तसं असतं तर किती सोपं झालं असतं! पुढच्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा नऊ दिवस तू माझी खाकी टोपी घालून माझं टपाल वाटलंस. कोणाला पत्ता लागू दिला नाहीस. एकाचं पत्र दुसऱ्याला गेलं नाही. फक्त कुत्र्यांनी तुला ओळखलं नाही आणि पँट फाडून घेतलीस. माझ्या मुलीला शाळेत दांडीवर बसवून तूच नेलंस, ती सायकलही तुझ्याच हाताखाली शिकली. तिच्या गुडघ्यावरची खूण तिच्यापेक्षा तुला जास्त लागली होती. हे सगळं मी मोजून ठेवलेलं नाही, पण विसरलोही नाही.

आणि संग्रहालय तर आपल्या दोघांचंच होतं. दर रविवारी बोईसरच्या भंगारवाल्यांकडे फिरायचो. तिथला तो कामगार हसायचा, "चाचा, लोग लोहा बेचने आते हैं, आप उठाने आते हो." तुला त्या लोखंडात माणसं दिसायची. ही सायकल कारखान्यातल्या कामगाराची, बघ डब्याचा आकडा. ही मिठागरावरच्या माणसाची, बघ कशी गंजलीय. तारापूरच्या त्या म्हाताऱ्या पारशी बाबाने वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल दिली, ती एकाच अटीवर, दर रविवारी तेल घालायचं. तो गेल्यावरही तू एक रविवार चुकवला नाहीस. शर्यतींच्या भिंतीवर जिंकणाऱ्यांचे फोटो लावलेस आणि त्यांच्या खाली हरलेल्यांच्या छातीवरचे नंबर. तुझा स्वतःचाही, पालघर ते तारापूर शर्यतीत नववा आलास तो. मी म्हणालो, नववा आलेला नंबर कोण लावतं? तू म्हणालास, "हरलेली मान्सं नाय लावली तर शर्यत झाली कशी हे लोकांना कलनार कसं?" मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. आणि त्याच भिंतीच्या समोर ती छोटी पाटी होती, पाय टेकला नाही म्हणून सांगणारी. ती लावतानाही खिळा मीच धरला होता.

आपलं खरं भांडण तिथूनच सुरू झालं, नाही? त्याआधी मी कधीमधी बोलायचो. पाटी लागल्यावर मला झोप येईना. मी म्हणालो, दत्तू, गावाला सांगू नकोस, जगाला सांगू नकोस, एका दादाला सांग. तू म्हणालास, सांगू. मी म्हणालो, मीच जातो. तेव्हा तू माझा हात धरलास. "तू एकटा नको जाव, काशा. पाप माजा हाय. आपन दोगं मिलून जाव. मी बोलीन, तू निस्ता बाजूला उबा रे." मला ते इतकं आवडलं, की मी तो शब्द धरून बसलो. एकदा मी एकटाच निघालोही होतो. खाडीवर तरीपाशी, पलीकडे नेणाऱ्या होडीपाशी गेलो, तरीवाल्याने हात दिला, आणि मी परत फिरलो. घरी सांगितलं की शब्द दिलाय, दोघं जाणार आहोत. शब्द होताच. पण मी भ्यालोही होतो. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

मग तुझं पोटाचं दुखणं आलं. तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी मी आलो, तर तू खाटेवरूनच म्हणालास, "पारशीबाबाला तेल घाल रे आज तू." मी शेडमध्ये गेलो. तेलाचा डबा कोपऱ्यात होता आणि त्याच्यापुढे एक पत्रा भिंतीकडे तोंड करून उभा केलेला. त्याला ताज्या रंगाचा वास येत होता. तो मी माझ्या हाताने बाजूला सरकवला. बाहेर येऊन विचारलं, काय रे तो पत्रा? तू म्हणालास, "शेड गलते. लावायचाय." मग आपण चहा प्यालो. तू मला बशीत ओतून दिलास, अर्धा अर्धा. कसा रे प्यालास तो चहा?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोईसरला त्या पाट्या रंगवणाऱ्याकडे गेलो. वाटलं, निदान असं कळावं की तुला शुद्ध नव्हती, घाईत काहीतरी लिहून घेतलंस. मी नाव सांगितलं, तर तो ब्रश पुसत म्हणाला, "आपका नाम? वो तो एक बार मिटवाया था उन्होंने. बोले, इसको निकाल दो. दो दिन बाद फिर आये, रिक्शा में लेटे लेटे. बोले, वापस लिखो." त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी सायकलला टेकून उभा राहिलो. म्हणजे तू विचार केला होतास. माझं नाव काढून बघितलंस, त्यावाचून ते खरं पुरं होईना, म्हणून परत लिहिलंस. दोन दिवस विचार केलास, आणि त्या दोन दिवसांत एकदा निरोप धाडून मला बोलावता आलं नाही? मी तर रोज तुझ्या दारावरूनच जातो, हातात जगभराचे निरोप घेऊन.

तू खरं बोललास. त्याबद्दल कोणी तुला बोल लावणार नाही, मीही कसा लावू? पण मरताना खरं बोललास, जेव्हा कोणी समोर येऊन विचारणार नव्हतं. माझं काय? मला रोज सकाळी सातला पोस्टात जायचं असतं. तुझ्या पाटीची गोष्ट सगळीकडे झाली. दारात उभा राहिलो की लोक पत्र घेतात आणि माझ्या तोंडाकडे एक क्षण जास्त बघतात. तू पाप माझं आहे म्हणाला होतास. ते तू वाटून गेलास, आणि तुझ्या वाटणीचं लोकांनी तिथल्या तिथे माफ केलं.

गंगूआयचं तेवढं ऐक. आमच्याच आळीतली, बोंबील वाळत घालणारी. तिचा मुलगा मस्कतला आहे, पंधरा वर्षं त्याची पत्रं मीच वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात पत्र आलं. मी नेहमीसारखा बाजूला बसलो, फोडलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. खाऱ्या पाण्याने चिरलेला हात. म्हणाली, "काशा, राग नको मानू. माज्या पोराची पत्रां वाचलीस ती तरी खरी होती ना रे?"

होती, दत्तू. एकूण एक अक्षर खरं होतं. मी म्हणालो, "खरी होती, आये." आणि म्हणता म्हणता कळलं, की हे सांगणाराही मीच आहे. ती हो म्हणाली, पण पत्र ऐकून झाल्यावर घडी करून कमरेला खोचलं. पूर्वी ती तेच पत्र मलाच परत वाचायला द्यायची. आता दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार असेल. घेऊ दे.

म्हणून काल, रविवारी, मी तुझ्या शेडवर काळ्या रंगाचा छोटा डबा आणि एक ब्रश घेऊन गेलो. चोरून नाही, वहिनींकडून किल्ली मागून. तुझी पाटी काढणार नव्हतो. फक्त माझं नाव आणि पायरीची ओळ झाकणार होतो. तुझं खरं तू ठेव, माझं मी माझ्या वेळेला सांगीन, असं वाटेत ठरवलं होतं. आधी पारशीबाबाच्या सायकलला तेल घातलं. रविवार होता, आणि दुसरं कोण घालणार होतं? चाक फिरवून बघितलं. अजून किती हलकं फिरतं ते. मग मी पिशवीतून डबा काढला, आणि मागे दार करकरलं.

दादा होता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात चपला. शेडमध्ये तो देवळात आल्यासारखा चपला काढून आला होता. केस पार पांढरे झालेत त्याचे. मी डबा खाली ठेवला. तो दोरीपर्यंत आला, सायकल बघितली, खराटा बघितला, मग पाटी. बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. आणि मला आठवलं, त्याला वाचता येत नाही.

"लोकं काय काय सांगतात," तो म्हणाला. "लोकांचा काय घेवाचा. तू वाच."

अठरा वर्षांत माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. तिथे मी आणि तो, दुसरं कोणी नव्हतं. खोटं का सांगू, मनात येऊन गेलं. पायरीची ओळ गाळली असती तर त्याला कसं कळलं असतं? चौथ्या दिवसासारखंच होतं सगळं, मैदानात दोघेच, आणि खराटाही समोर. फक्त तू नव्हतास, मला सांगायला.

मी वाचलं. पोस्टमन काशिनाथने तो पाहिला, हे वाचलं. देवीच्या पायरीवर हात ठेवून माझ्यासाठी खोटी साक्ष दिली, हे वाचलं. नामदेव तांडेल खरं बोलत होते, हे वाचताना मी पाटीकडे नाही, दादाकडे बघत होतो. तुझं नावही वाचलं. दादाचा चेहरा हलला नाही. तांडेलाचा चेहरा आहे तो, बोटीवरच्या माणसांना त्यावरून काही कळू द्यायचं नसतं.

"सगला वाचलास?"

"सगला, दादा."

"गालला नाय काय?"

"नाय."

त्याने मान हलवली. मग दाराकडे वळला आणि हाक मारली, "सुलभा, जरा ये गो इकडं." वहिनी पदराला हात पुसत आल्या. "ये पाटीवर काय लिवलंय, वाच मला." वहिनींनी माझ्याकडे बघितलं, त्यांना काही कळेना. मी वळून पारशीबाबाच्या सायकलची घंटा पुसत उभा राहिलो. वहिनींनी पहिल्या शब्दापासून वाचलं. दादा एकेका ओळीला मान हलवत होता, माझं वाचलेलं आणि त्यांचं वाचलेलं मनात शेजारी शेजारी धरून. तुझं नाव आलं तेव्हा वहिनी रडायला लागल्या. दादाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तो माझ्याजवळ आला. इतक्या जवळ, की मला त्याच्या सदऱ्याला माशाचा वास आला, आमच्या घराचा वास. म्हणाला, "बरोबर वाचलास." एवढंच म्हणाला. चपला हातात घेऊन निघाला. मी दारापर्यंत मागे गेलो, घरी ये म्हणायला. त्याने मागे बघितलं नाही, पण चाल सावकाश केली, आणि मी त्याच्या बाजूने वाडीच्या फाटकापर्यंत चाललो. रंगाचा डबा तिथेच राहिलाय, झाकण न उघडता. वहिनींना सांग म्हणालो असतो, पण आता तुला काय सांगणार.

दोघं मिळून जाऊ म्हणाला होतास, दत्तू. फाटकापर्यंत दोघं गेलो आम्ही, मी आणि दादा. तू नव्हतास.